काथ्याविरुद्धचं पत्रक

तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची नडगी तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

मी आजोबांची पाहिली ती चुकून. टॉवेल द्यायला न्हाणीपाशी गेले, तर दार अर्धवट उघडं. पाणी वाफाळत होतं आणि आजोबा पाटावर बसून कपड्यांचा साबण लावून नारळाच्या काथ्याने पाय घासत होते. दगडावरून तांबूस पाणी वाहत होतं.

"बघ, माती अजून निघता," ते समाधानाने म्हणाले.

गोव्यातल्या पाळी गावच्या लोहखनिजाच्या खाणीवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथली तांबडी धूळ घरात आणायची नाही, म्हणून रोज परतल्यावर कढत पाणी, काथ्या आणि तो साबण. धूळ कामावरची, घासणं मात्र घरच्या वेळात. याची चीड मला अजून येते. पण खाण सुटून कितीतरी वर्षं झाली होती. ती माती नव्हती, रक्त होतं. आणि आजोबांना मधुमेह आहे.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी पाय पाहिला. "आजोबा, अंग घासता की टोप?" मग माझ्याकडे वळून सांगितलं, की या वयात कातडी पातळ आणि कोरडी होते. कढत पाण्याने ती आणखी सुकते, खाज सुटते, माणूस आणखी घासतो. मधुमेहात अशी जखम चिघळली तर पायावर बेतू शकतं.

मी मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढले. घरी येऊन पत्रकच लिहिलं: पाणी कोमट, साबण सौम्य, काथ्या बंद! न्हाणीच्या दारावर चिकटवलं.

"ह्यो मोर्चो कोणाविरुद्ध?"

"तुमच्या काथ्याविरुद्ध."

"म्हणजे माती घेवन जेवाक बसू?"

दुसऱ्या दिवशी काथ्या ओलाच होता. तेव्हा मला कळलं, की पत्रकात त्यांच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. त्या दिवशी मी पांढरंशुभ्र फडकं कोमट पाण्यात भिजवलं आणि त्यांच्या हातावरून, मानेवरून, पोटऱ्यांवरून फिरवलं. जखम तेवढी सोडली. फडकं त्यांच्यापुढे धरलं. पांढरंच होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"काथो भांड्यांक दी," एवढंच म्हणाले.

आता आंघोळ झाली की मी त्यांचं अंग न चोळता टिपते आणि ओलसर असतानाच कातडी मऊ ठेवणारं मलम लावते. बोटांच्या बेचक्यांत नाही, त्या कोरड्याच ठेवते. जखमेला केंद्रात मलमपट्टी होत राहिली. ती भरायला बरेच आठवडे लागले, पण भरली. रोज आंघोळीनंतर आजोबा स्वतःच पाय पुढे करतात.

आज घरी गेलात की आपल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा, त्यांचा पाय मांडीवर घ्या आणि उजेडात नीट बघा. जखम दिसली तर उद्याच दवाखान्यात न्या.