बावन्न सेकंदांची चौकशी

पोलीस खात्यात मी बावीस वर्षे काढली. त्यातल्या कितीतरी केसेस आता पुसट झाल्या आहेत. पण जिची नोंद कोणत्याच ठाण्याच्या डायरीत नाही, ती एक केस मला अजून बारीकसारीक तपशिलांसह आठवते. ती कुवेतमधली आहे. नातवंडांनो, परवा फोनवर तुम्ही इंग्रजीत मला विचारलेत की राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूला संघातून काढावे का. मी विषय बदलला. तोंडी उत्तर देणे मला जमले नसते, म्हणून लिहिते आहे. नावे कुणाचीच देणार नाही.

निरीक्षक पदावरून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी तुमच्या आजोबांकडे कुवेतला गेले. ते मीना अल-अहमदीच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर होते. तिथल्या आमच्या मराठी मंडळात शिस्तीचे काही काम निघाले की ते माझ्याकडे येई. कारगिलच्या युद्धानंतरच्या हिवाळ्यात मंडळाने जवानांच्या सन्मानार्थ एक दिवसाची व्हॉलीबॉल स्पर्धा ठेवली. मैदान एका शाळेचे होते आणि संध्याकाळच्या नमाजाआधी ते रिकामे करून द्यायचे होते. त्यामुळे कार्यक्रमाचे वेळापत्रक मिनिटाबरहुकूम आखण्याची जबाबदारी माझी होती.

स्पर्धेनंतर दोन दिवसांनी घरी फोन आला. आवाज मुद्दाम घोगरा केलेला होता.

“बाई, तुम्ही पोलीसवाल्या ना? शुऐब्याच्या कॅम्पच्या टीमचा तो उंच स्मॅशर आपल्या राष्ट्रगीताला बसून होता. कुवेतच्या राष्ट्रगीताला बरा उभा राहिला.”

“आपण कोण बोलताय?”

“देशभक्त,” असे म्हणून त्याने फोन ठेवला.

निनावी खबर देणारा नेहमी खोटे बोलतो असे नाही. बहुधा तो अर्धे खरे बोलतो. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांनीही तेच सांगितले. पुण्याचे होते ते, मोठ्या हुद्द्यावरचे. म्हणाले, “मॅडम, तुम्ही चौकशी करा. मुद्दाम केलं असेल तर त्याच्या कंपनीला पत्र जाईल. तिथला पर्सोनेल मॅनेजर आपलाच माणूस आहे. पुढच्या महिन्यात या बाबाचा इकामा संपतोय, परत लागणार नाही.”

इकामा म्हणजे कुवेतमध्ये राहण्याचा परवाना. तो गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की विमान. माझ्या चौकशीवर एका माणसाचे पोट अवलंबून होते, हे मला पहिल्यापासून माहीत होते.

मी आधी स्पर्धेची व्हिडिओ कॅसेट मागवून पाहिली. खबर खरी होती. कुवेतचे राष्ट्रगीत लागले तेव्हा तो ताठ उभा होता. आपले सुरू झाले तसा तो जमिनीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान खाली घातली. गीत संपताच उठला. पाय दुखावला असावा ही माझी पहिली शंका तिथेच संपली, कारण पुढच्याच मिनिटाला तो हातभर उंच उडी मारत होता. एक गोष्ट मात्र बसेना. शेवटी ‘भारत माता की जय’ झाले, तेव्हा त्याचाही हात सगळ्यांबरोबर वर गेला होता.

शुक्रवारी मी शुऐब्याच्या कारखाना वसाहतीत त्याच्या कामगार कॅम्पवर गेले. एका खोलीत आठ जण राहत होते. दोन मजली लोखंडी खाटा, मध्ये पत्र्याचे टेबल. तो सांगलीकडचा, तिशीतला, वेल्डर होता. मी वही उघडली. जुन्या सवयीने मी त्याला अरेतुरे करत होते, हे मला नंतर जाणवले.

“राष्ट्रगीत चालू असताना तू बसलास?”

“बसलो, मॅडम.”

“पाय दुखत होता?”

“न्हाई.”

“मुद्दाम बसलास?”

“व्हय. लिवा.”

आजवर इतक्या सरळपणे कबुली देणारे मी फार थोडे पाहिले होते. खाटेवरून एक जण हसला, “लेका, मॅडम मारायच्या आधीच पोपटासारखा बोलाय लागलास की!” सगळे हसले. तो हसला नाही.

“कुवेतच्या राष्ट्रगीताला मात्र उभा राहिलास.”

“ते त्यांचं हाय. आपण पाव्हणं. पाव्हण्यानं कुणाच्या घरात रुसायचं? रुसायचं ते आपल्या माणसांवर.”

“कुणावर रुसलास?”

जबाब घेताना मी माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांकडे बघत असे. इतका वेळ शांत असलेले त्याचे हात आता एकमेकांत अडकले. त्याने समोरच्या वरच्या खाटेकडे बघितले. त्या खाटेवर नुसती गुंडाळलेली गादी होती.

“ते आमच्या हवालदारांचं,” तो म्हणाला. “सतरा वर्षं फौजेत हुते. पेन्शन घेऊन हितं आले, परांची बांधायच्या कामाला. पोरांना व्हॉलीबॉल त्यांनीच शिकवला. मॅचच्या आधी बारा दिवस वरनं पडले. मॅच चालू हुती तवा ते हितल्या शवागारातच हुते, मॅडम. घरी पाठवायचे कागद हुईनात.”

त्याने गादीवरची नजर माझ्याकडे वळवली.

“आम्ही अर्ज दिला हुता. मॅचच्या आधी दोन मिनिटं त्यांच्यासाठी उभं ऱ्हावं, एवढंच. कुणी उत्तर पण दिलं न्हाई. स्टेजवर जवानांचे फोटू, हार, भाषणं. आमच्या जवानाचं नाव न्हाई. दोन मिनिटं मागितली, दिली न्हाईत. मग मी बावन्न सेकंद घेतली.”

“अर्ज कुणाकडे दिला होता?”

“मंडळाच्या सेक्रेटरींकडं. ते म्हणले, कार्यक्रम बघणाऱ्यांकडं देतो.”

मी वही मिटली. जबाबावर त्याची सही मी मागितली नाही.

घरी येऊन मी स्पर्धेची फाइल काढली. माझी फाइल कधी अपुरी नसते. वेळापत्रकाच्या मागे तो अर्ज टाचलेला होता. वहीच्या पानावर, सुवाच्य अक्षरात, खाली बारा सह्या. त्यावर तिरपी लाल रेघ होती आणि समासात माझ्या अक्षरात दोन शब्द: ‘वेळ नाही’. मला तो अर्ज आठवेचना. बहुधा ‘संघाच्या प्रशिक्षकास श्रद्धांजली’ एवढा विषय वाचून मी पुढच्या कागदाकडे वळले होते. दुसऱ्याच ओळीत ‘माजी हवालदार’ असे लिहिले होते.

मंडळाची बैठक कुवेत शहरातल्या मिरकाब भागात सेक्रेटरींच्या फ्लॅटवर झाली. अर्ज माझ्या पर्समध्ये होता.

“मॅडम, हो की नाही एवढं सांगा,” अध्यक्ष म्हणाले. “मुद्दाम केलं?”

“मुद्दाम केलं. पण त्याला कारण आहे.” मी हवालदारांची हकिगत सांगितली.

“वाईट झालं,” एक सभासद म्हणाले. “पण परांचीवरून पडलेला कामगार तो. वर्दीत गेला असता तर गोष्ट वेगळी. आज याला सोडलं तर उद्या कॅम्पवाले सगळेच बसतील.”

“पण त्यांनी आधी विचारलं होतं का?” आमच्यातल्या एका तरुण बाईंनी विचारले.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले. त्यांना ठाऊक होते. मी म्हणाले, “अर्ज आला होता. वेळापत्रकात बसला नाही.”

“झालं तर,” अध्यक्ष म्हणाले. “नियमानं नाकारला. मग चूक त्याचीच.”

पर्स माझ्या मांडीवर होती. माझ्या सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा नव्हता, आणि त्या खोलीत सगळे मला मान देत होते. पत्राच्या बाजूने पाच हात वर झाले, विरोधात त्या तरुण बाईंचा एक. माझा कोणत्याच बाजूने नाही.

तीन आठवड्यांनी मी कॅम्पवर गेले. त्याला अर्ज दाखवायचा, एवढे ठरवून गेले होते. त्याची खाट दुसऱ्याला मिळाली होती. तो मागच्याच मंगळवारी गावी परत गेला, असे कळले. संघातला एक जण मला फाटकापर्यंत पोचवायला आला.

“जाताना तुमची आठवण काढली त्यानं,” तो म्हणाला. “म्हणाला, मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना सांगा, बरं वाटलं.”

मी अर्ज पर्समध्येच राहू दिला. गाडीत बसले आणि घरी आले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. राष्ट्रगीताला मी उभी राहते, घरात एकटी असले तरी. तुम्हीही राहावे असे मला वाटते. जो बसला त्याचे बरोबर होते, असेही मी म्हणणार नाही. पण त्या केसनंतर मी एक शिकले, आणि ते मला नोकरीत असतानाच कळायला हवे होते. माणूस बसतो त्याच्या आधी बहुधा त्याने काहीतरी मागितलेले असते, आणि कुणीतरी ते वाचायचे टाळलेले असते. चौकशी तिथून सुरू करावी. संघातून कुणाला काढायचे ते त्यानंतर.

अर्ज कुणी खोडला, हा प्रश्न त्या बैठकीत कुणीच विचारला नाही. त्यामुळे मला खोटे बोलावे लागले नाही. इतकी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आले.