मामंजी आणि वन्समोअर

मला मुळात एका जागी बसवत नाही. भाकरी थापतानाही डोळे दाराकडं आणि तोंडात गाणं. लग्न होऊन कडेगावकडं आले, नवरा फौजेत, घरी सासऱ्यांचा ऊस. अशात सांगलीला हौशी मंडळींसाठी संगीत नाटकाचं शिबिर निघालं, दर रविवारी. जेवायला वाढता वाढता मी मामंजींना विचारून टाकलं. ते स्वतः सुभेदार होऊन घरी आलेले, बोलणं कमी. हात धुतल्यावर म्हणाले, "जा. पर मी संगं येणार."

मग दर रविवारी एस.टी.नं आम्ही दोघं. मी आत ऑर्गनपाशी, ते बाहेर लिंबाखाली. ते कधी आत डोकावले नाहीत, मीच गाताना सारखी खिडकीतून बघायची. कंटाळले असतील का, पुढच्या रविवारी नको म्हणतील का? मास्तर वैतागायचे. "बाई, सम इथं आहे, झाडाखाली नाही."

शेवटी प्रयोग ठरला. माझ्या वाट्याला एकच पद आलं. मास्तरांनी नवख्यांना सांगून ठेवलं होतं, ज्याच्या पदाला वन्समोअर मिळेल त्याला पुढच्या नाटकात गायची भूमिका, बाकीचे घोळक्यात. झालं, माझी झोपच उडाली. धार काढताना वन्समोअर, धुणं धुताना वन्समोअर. घरात बोलायची सोय नव्हती. एक नाटक झालं की सुनेची हौस फिटली, असंच मामंजी म्हणणार, हे मी धरून चालले होते.

दुपारच्या प्रयोगाला मामंजी पहिल्या रांगेत, फेटा बांधून. पद रंगलं. खरंच रंगलं, शेवटच्या समेवर आले तेव्हा माझं मलाच बरं वाटलं. मागून कुणीतरी "वन्समोअर" म्हणून ओरडलं, मग आणखी दोघं-तिघं. ऑर्गनवाल्यानं पहिल्यापासून सूर धरला. मी श्वास घेतला.

तेवढ्यात मामंजी उठले. मागं वळून फौजी आवाजात म्हणाले, "एकदा म्हटलंय की पोरीनं. तवा तुमचं ध्यान कुटं हुतं? लय दमलीया ती. बसा गप."

लोक हसले आणि गप्प बसले. ऑर्गन थांबला. मास्तरांनी विंगेतून 'पुढं चला' अशी खूण केली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढची वाक्यं कशी म्हटली ते आजही सांगता यायचं नाही.

परतताना एस.टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसले. डोळ्यांतलं पाणी खळेना. विटं गाव मागं पडल्यावर मामंजींनी पिशवीतून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली.

"घसा सुकला आसंल," ते म्हणाले. "फुडच्या नाटकात एवढं मोटं गाणं घिऊ नगंस. मास्तराशी मी बोलतो."

पुढचं नाटक त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी खडीसाखर तोंडात टाकली.