पुलाच्या अलीकडचे मुन्शीकाका

मुन्शीकाकांना कुणी 'या आता' म्हटल्याशिवाय उठता येत नसे. हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि तोवर माझ्या आईने त्यांना किती चहा पाजला असेल देव जाणे. माझे वडील काचीगुड्याला शेरवान्या शिवतात. काका आपली जुनी शेरवानी उसवली की घेऊन येत आणि टाके घालून झाले तरी बसून राहत. आईचा स्वयंपाक खोळंबलेला असे, पण तोंडाने ती म्हणे, "बसा हो मुन्शीजी, घाई काय आहे?" काका लगेच पुन्हा टेकत. ते बसले म्हणून आई चहा ठेवी, आणि चहा ठेवला म्हणून ते बसत.

शेवटी वडिलांनी कोडं सोडवलं. काका एका जहागीरदारांच्या देवडीत, म्हणजे वाड्यावर, मुन्शी होते. देवडीत मालकांनी रुखसत दिल्याशिवाय, म्हणजे जायची परवानगी दिल्याशिवाय, जागचं हलायचं नाही अशी रीत होती, आणि ती काकांच्या अंगात मुरली होती. "तू बसा म्हणतेस, त्यांना तो हुकूम वाटतो," वडील म्हणाले. आईला हे पटेना. "घरी आलेल्या माणसाला मी जा म्हणू? चांगलं दिसतं का ते?" पण पुढच्या खेपेला तिने पदर सावरत, खाली बघत "या आता मुन्शीजी" म्हटलं. काका इतक्या खुशीने उठले की आई आणखीच गोंधळली.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर मी कात्री धरावी असं वडिलांच्या मनात होतं. काकांनी त्यांना समजावलं. "शेरवानी हा केव्हाही शिवेल. आधी थोडं जग पाहू द्या त्याला," ते म्हणाले. त्यांनी स्वतः जग पाहिलं आहे असं सगळे मानत, म्हणून वडिलांनी ऐकलं.

काकांनी पाहिलेलं जग म्हणजे बेल्जममधलं एक लहानसं जुनं गाव. जहागीरदारसाहेबांना छातीचं दुखणं होतं. विलायतेत ज्या डॉक्टरवर त्यांचा विश्वास बसला तो त्या फ्लेमिश बोलणाऱ्या लोकांच्या गावचा निघाला, आणि काका साहेबांबरोबर तिथे अख्खा उन्हाळा राहिले. गावाचं नाव ते सांगत, पण आमच्या कुणाच्याच जिभेवर ते बसलं नाही. आम्ही नुसतं 'काकांचं गाव' म्हणायचो.

रविवारी ते आम्हा कॉलेजच्या मुलांना फिरायला नेत. हैदराबाद दाखवत की ते गाव, हे मला कधीच नीट कळलं नाही. हुसेनसागरच्या बांधावर उभे राहून म्हणत, "हा कालवा समजा. दोन्ही काठांना उंच झाडं, सगळी वाऱ्याने एकाच बाजूला कललेली. त्यांच्या सावलीतून सायकली चालल्या आहेत. बायकासुद्धा सायकलवर." मग आम्ही आबिड्सहून भाड्याच्या सायकली आणून बांधावरून चालवायच्या. चारमिनारसमोर आलो की त्यांना तिथलं घंटाघर आठवे. तिथे म्हणे दर पाव तासाला घंटांवर अख्खी चाल वाजायची. आम्ही मिनारावर चढून यायचं, काका खाली थांबत.

त्या गावात ताडासारखा उंच खांब होता. त्याच्या टोकाला पिसांचे झुबके बांधायचे आणि माणसांनी खाली उभं राहून सरळ आभाळात बाण मारून ते पाडायचे, हा तिथला रविवारचा खेळ. चिक्कडपल्लीच्या मागच्या मैदानात आम्ही बांबूला कोंबडीची पिसं बांधून तो खेळलो. आमचे बाण परत आमच्याच अंगावर येत.

"काका, हा डोक्यात पडला तर?" वामनने विचारलं. वामन माझ्या वर्गातला, चिक्कडपल्लीच्या वकिलांचा मुलगा.

"तिथे टोप्या घालत."

"आणि टोपीतून आत गेला तर?"

"मग बीअर पीत," काका म्हणाले.

स्वतः काकांनी मात्र कधी सायकलवर टांग टाकली नाही, की बाण उचलला नाही. त्यांचं एकच म्हणणं असे, "तुम्ही जाऊन या, आणि मला सांगा." आम्ही सांगायला लागलो की ते डोळे मिटून ऐकत. एखाद्याने घाईघाईने सांगितलं तर म्हणत, "हळू. तिथून वळलात, मग?"

वामनला संशय आला तो यावरूनच. "तुझे काका थापा मारतात," तो मला म्हणाला. "गेलेला माणूस सांगतो. हे तर आपल्यालाच विचारतात." मी त्याच्याशी भांडलो, पण माझी झोप उडाली. काकांच्या एका शब्दावर वडिलांनी मला कात्रीपासून सोडवलं होतं. तो शब्दच पोकळ असेल, तर मी कॉलेजात कुणाच्या भरवशावर बसलो होतो? आणि वडिलांच्या कानावर हे गेलं तर?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही नदीवरच्या पुराना पुलावर गेलो. काका नेहमीसारखे अलीकडच्या कट्ट्यावर बसले. "जाऊन या, आणि मला सांगा." वामन हलला नाही.

"काका, तुमच्या गावात कालव्यावर पूल होता ना?"

"होता की. लाकडी. बोट आली की मधून वर उचलायचे."

"पूल उतरला की काय लागायचं?"

"कोपऱ्यावर लाल विटांचं घर."

"त्याच्या पुढे?"

"लोक तिथून वळायचे."

"वळून कुठे जायचे?"

काका कट्ट्यावरची धूळ झटकू लागले.

"बरं, घंटाघरावरून गाव कसं दिसायचं?"

"वामन, पुरे," मी म्हणालो.

"नुसतं विचारतोय रे. काका, तुम्ही तिथे गेलाच नव्हता ना?"

"गेलो होतो," काका म्हणाले. "पण उठलो नाही."

मग त्यांनी सांगितलं. दुपारचं जेवण झालं की साहेब पलंगावर पडत आणि बोलता बोलता त्यांना झोप लागे. रुखसत द्यायची राहून जाई. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहत, दिवे लागेपर्यंत. खिडकीतून कालवा दिसे, पूल, लाल घर, घंटाघराचा वरचा भाग आणि छपरांवरून त्या खांबाचं टोक. लोक सायकलींवरून पूल ओलांडून जात. संध्याकाळी कुणी फुलं, कुणी मासे घेऊन परत येत. साहेबांना बरं वाटलं तेव्हा घोडागाडी दारात आली आणि दोघे थेट स्टेशनवर गेले.

"साहेब झोपले की निघायचं ना," वामन म्हणाला. "त्यांना काय कळणार होतं?"

"झोपलेला माणूस रुखसत देतो का रे? आणि जाग आली की ते आधी 'मुन्शीजी' म्हणून हाक मारत. परक्या मुलखात आजारी माणूस. मी तिथे नको?"

 वामनने विचारलं, "आणि त्या टोप्या? बीअर?"

"ते मी पदरचं घातलं," काका म्हणाले. "खिडकीतून खांबाचं टोकच दिसायचं. खाली टोप्या होत्या की नाही, कोण जाणे."

वामन हसला, काकाही हसले. मला हसू येईना. हा माणूस खरा की खोटा हे मला ठरवता येत नव्हतं. त्यांनी ते गाव पाहिलं होतं, आणि पाहिलंही नव्हतं. आम्हाला सायकली चालवायला लावल्या, बाण मारायला लावले, ते आम्हाला जग दाखवण्यासाठी की स्वतः पाहण्यासाठी? अजूनही मी यावर नक्की काही सांगू शकत नाही. त्या वेळी मला फक्त आईची आठवण झाली. मी खाली बघत म्हणालो, "काका, या आता. पलीकडे जाऊन या, आणि आम्हाला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेरवानीची बटणं लावली आणि उठले. रोज ये-जा करणारी माणसं त्यांना मागे टाकून पुढे जात होती. काका मात्र पाहुण्यासारखे, दोन्हीकडे बघत गेले. परत आले तेव्हा रुमालात सीताफळं होती.

"पलीकडे चिंचेचं झाड आहे," ते म्हणाले. "खाली एक म्हातारी बसते. तिच्याशी बोललो. तिथून वळलं की..." आणि वामन म्हणाला, "हळू, काका."

वडिलांना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगून त्यांना काय समजलं असतं, कोण जाणे. कॉलेज मात्र मी सोडलं नाही.

गेल्या वर्षी काका मुलीकडे नांदेडला कायमचे राहायला गेले. गाडी काचीगुड्याहूनच होती, म्हणून सामान स्टेशनवर ठेवून ते आमच्याकडे आले. चहा झाला. वडिलांनी शेरवानीचं एक बटण पक्कं करून दिलं. 'या आता' मात्र कुणी म्हणेना. आई चुलीशी उगाच भांडी हलवत राहिली. वडील घड्याळाकडे आणि माझ्याकडे बघत होते. काका गुडघ्यांवर हात ठेवून शांत बसले होते. आम्ही म्हटलं नसतं तर गाडी गेली असती आणि ते तिथेच राहिले असते, हे मला ठाऊक होतं. क्षणभर मी गप्पच राहिलो.

मग म्हणालो, "या आता, काका."

ते उठले. उंबऱ्यापाशी थांबून वळले. "येतो," म्हणाले, "आणि सांगतो."