‘चालू’च्या रकान्यात

अकरावीची परीक्षा संपली तेव्हा आमच्या कॉलेजने पाच जणांना दीड महिना सरकारी कार्यालयांत काम शिकायला पाठवलं. कॉलेजात त्याला इंटर्नशिप म्हणत, आमच्या घरी ट्रेनिंग. चौघांना डहाणूतच जागा मिळाली. माझा अर्ज उशिरा गेला होता, म्हणून मला तलासरीकडचं एक कार्यालय आलं. वडिलांना ते पसंत नव्हतं. आमची चिकूची वाडी आहे, आणि त्या दिवसांत फळं उतरवायला माणसं कमी पडतात. पण प्रमाणपत्र मिळणार होतं, म्हणून त्यांनी फार ताणलं नाही. “जा. ऊन लागलं की कळेल,” एवढंच म्हणाले.

पहिला आठवडा मी आलेल्या टपालावर आवक क्रमांक घालत बसले. माझं अक्षर चांगलं आहे. पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या इंजिनिअर मॅडमनी ते पाहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात मला पाहणीच्या कामावर घेतलं. उन्हाळ्यात कुठल्या पाड्यांना टँकर लागेल याची यादी करायची होती आणि त्यासाठी हातपंप तपासायचे होते. काम अवघड नव्हतं. छापील फॉर्म होता. त्यात गाव, पाडा, पंपाचा नंबर, मग दोन रकाने, ‘चालू’ आणि ‘बंद’, आणि शेवटी शेऱ्यासाठी बोटभर जागा.

मॅडम म्हणाल्या, “वीस-पंचवीस वेळा हापसायचं. पाणी आलं तर चालू, नाही आलं तर बंद. जास्त विचार करत बसू नकोस, ऐंशीच्या वर पंप आहेत.”

माझ्याबरोबर कार्यालयातले हातपंपाचे मेकॅनिक होते. पन्नाशीचे, तिथल्याच एका पाड्यावर वाढलेले. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पाने आणि साखळ्यांच्या पिशव्या लटकलेल्या असत, त्यामुळे मला पाय जरा वर उचलून बसावं लागे. लोकांशी ते वारलीत बोलत, हायवेवरच्या गॅरेजवाल्याशी गुजरातीत आणि माझ्याशी मराठीत. पंपाशी गेले की आधी दांड्याला हात न लावता पाइपावर तळहात ठेवून उभे राहत. मग मला म्हणत, “हं, हापस.” मी हापसायची, ते ऐकायचे. पुष्कळदा पाणी यायच्या आधीच त्यांना कळलेलं असे. मी मात्र पाणी दिसल्याशिवाय खूण करत नसे. आपण नियमाने वागतोय याचं मला बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी एका पंपाची साखळी तुटलेली निघाली. ती बसवायला तासभर लागणार होता. काका म्हणाले, “पुढच्या पाड्यावर एकच बोरिंग आहे. पायवाटेने पंधरा मिनिटं. तू बघून ये, तोवर माझं होतं.”

मी एकटी गेले. डोंगराच्या पायथ्याशी चौदा-पंधरा घरं होती. पंपाभोवतीचा ओटा झाडून स्वच्छ केलेला होता. कडेला रिकामे हंडे ओळीने ठेवले होते. एका घरातून चाळिशीची एक बाई बाहेर आली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी आल्या. आम्ही येणार हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं.

“बस, बाय. उन्हाची आलीस,” ती म्हणाली.

मी बसले नाही. मला अजून पाच पंप बघायचे होते. मी दांडा धरला आणि हापसू लागले. सातव्या हापशाला पाणी आलं. चांगल्या जाड धारेने आलं, आणि गार होतं. मी ओंजळीने प्याले. मग बाटली भरून घेतली. बायका बघत उभ्या होत्या.

“पाणी येतं ना, मावशी?” मी विचारलं.

“येतं,” ती म्हणाली.

मी ‘चालू’च्या रकान्यात खूण केली. शेऱ्यात लिहिलं, ‘पाणी स्वच्छ व भरपूर.’ त्या दिवशीच्या सगळ्या पंपांत मला तोच सर्वांत चांगला वाटला होता. परत आल्यावर काकांनी विचारलं, “आहे पाणी?” मी म्हटलं, “मस्त आहे.” ते म्हणाले, “अजून आहे म्हणजे.” मग त्यांनी गाडीला किक मारली.

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा वाडीतली मोटर सुरू होती. वडील पाइप घेऊन झाडांच्या आळ्यांत पाणी सोडत होते.

“काय शिकलीस आज?” त्यांनी विचारलं.

“अकरा बोरिंगं हापसली.”

“सरकारला हापसायला माणूस मिळाला म्हणायचा,” ते म्हणाले, आणि पाइप पुढच्या झाडाकडे वळवला.

पाहणी आटोपली. मी सगळे फॉर्म लावून त्यांची एक स्वच्छ यादी केली. मॅडमनी सही केली, यादी वर गेली, मंजुरी आली आणि टँकर सुरू झाले. कार्यालयात एकदोन दिवस मला ‘यादीवाली’ म्हणत होते. मला ते आवडलं होतं.

टँकर सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील. दुपारी शिपाई तीन बायकांना घेऊन माझ्या टेबलाशी आला. “या यादीचं विचारतायत,” म्हणाला आणि निघून गेला. पुढे उभी असलेली बाई ओळखीची वाटली, पण मला जागा आठवेना. तिनेच मला आधी ओळखलं.

“तूच आलेलीस ना बोरिंग बघायला?”

“हो.”

“खालच्या पाड्याला टँकर येतो. आमच्याकडे नाय येत. डायवरला विचारलं तर बोलतो, तुमचं नाव नाय.”

मी पाड्याचं नाव विचारून फाइल काढली. त्यांचा फॉर्म सापडायला वेळ लागला नाही. माझ्याच अक्षरात होता. मी तिला सांगितलं, “मावशी, तुमचा पंप चालू आहे. म्हणून नाव नाही.”

“चालू कुठे आहे?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “सकाळी चार हंडे देतो, मग नुसती हवा. आमी नदीच्या खड्ड्यातून आणतो ना.”

“पण मी आले तेव्हा पाणी होतं. मी स्वतः प्याले.”

“मग? तू येणार म्हणून आदल्या दिवसापासून कोणी हापसलंच नव्हतं. उन्हाची लांबून माणूस येणार, तिला पाणी नको?”

बाकीच्या दोघींनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. मी फॉर्मकडे बघत राहिले. ‘भरपूर’ हा शब्द मला तिथे कोणी लिहायला सांगितला नव्हता.

“पण मी विचारलं होतं, येतं का. तुम्ही हो म्हणालात,” मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, हे बोलता बोलताच कळलं.

“येतं ना,” ती म्हणाली. “किती येतं ते तू कुठे विचारलंस?”

मी त्यांना बाकावर बसवलं आणि मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“यादी माझ्या सहीने गेलीय,” त्या म्हणाल्या. “आता नवीन पाडा घालायचा तर ग्रामपंचायतीची मागणी लागेल, आणि मग वरचे अधिकारी येऊन पुन्हा पाहणी करतील. नुसतं आपण चुकलो म्हणून नाव घालता येत नाही.”

“चुकले मी, मॅडम.”

“सही माझी आहे. तू अर्ज लिहून दे त्यांना. आणि पंप नेमका किती पाणी देतो ते मला कागदावर हवंय.”

मी बाकावर बसून अर्ज लिहिला. त्या तिघी सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मध्ये त्या आपसात वारलीत बोलत. मला निम्मं समजत नव्हतं, तेव्हा मी थांबून पुन्हा विचारायची. एका कागदाला पाऊण तास लागला. तिघींनी अंगठे लावले नाहीत, सह्या केल्या. सावकाश, पण पूर्ण नावाने. मी शाईचं पॅड पुढे सरकवलं होतं, ते मुकाट्याने मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या गाडीने निघाले आणि काकांबरोबर सातच्या आधी पाड्यावर पोचले. या वेळी आम्ही कुणाला कळवलं नव्हतं. पंपाशी हंड्यांची रांग होती आणि एकजण हापसत होती. आम्ही काही न बोलता बाजूला बसलो. मी वही उघडली. चौथा हंडा भरता भरता धार बारीक झाली. पाचवा अर्धा झाला आणि दांडा हलका पडला. नुसता खडखड आवाज येऊ लागला. ज्यांचे हंडे राहिले होते त्यांनी ते उचलले आणि नदीच्या वाटेला लागल्या. कोणी कुरकुरलं नाही, त्यांना ते रोजचंच होतं.

काकांनी पाइपावर हात ठेवला आणि काढला. “पंप चांगला आहे,” ते म्हणाले. “खाली पाणीच नाही. रात्रभर जेवढं झिरपतं तेवढंच देतो. त्या दिवशी मी आलो असतो तर विचारलं असतं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “मलाही यायला पाहिजे होतं.”

आम्ही दुपारी एकपर्यंत बसलो. दर तासाला मी हापसून बघत होते. नवाला काही नाही. दहाला काही नाही. अकराला दीड कळशी, गढूळ. फॉर्मवर हे लिहायला जागा नव्हती, म्हणून मी फॉर्मच्या पाठीमागे तक्ता आखला.

मधल्या वेळात ती बाई माझ्यासाठी भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी घेऊन आली. बोंबील वरोरच्या कोळणीकडून घेतलेले, असं तिने सांगितलं. पाण्याचा तांब्याही ठेवला. मी पाण्याला हात लावेना, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

“पी ना. ते नदीचं आहे, गाळलेलं.”

मी प्याले. ती माझ्या तक्त्याकडे बघत होती.

“याचे शाळेत मार्क मिळतात काय?”

“मिळतात.”

“किती?”

“अजून दिले नाहीत.”

“बरे मिळतील,” ती म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा नव्हता.

कागद मॅडमना दिला. त्यांनी पुढून वाचला, उलटून मागून वाचला आणि म्हणाल्या, “हा मी जोडते. वर कोणी वाचेल याची खात्री नाही.” त्यांनी तो अर्जाला टाचला. पुढचे दहा दिवस मी रोज सकाळी आवक टपालात मंजुरीचं पत्र शोधत होते. ग्रामपंचायतीची मागणी आली. पाहणीची तारीख एकदा ठरली आणि पुढे गेली. मग माझा दीड महिना संपला. प्रमाणपत्रावर ‘काम समाधानकारक’ असं छापलेलंच होतं, खाली मॅडमची सही होती. निघताना त्या म्हणाल्या, “ही तुझी एकटीची गोष्ट नाही. मीच सांगितलं होतं, जास्त विचार करू नकोस म्हणून.” मला ते पटलं नव्हतं. अजूनही अर्धंच पटतं. विचार करू नको म्हणाल्या होत्या, ‘भरपूर’ लिही म्हणाल्या नव्हत्या.

काकांचा फोन जूनच्या सुरुवातीला आला. पाहणी झाली होती आणि टँकर पोचला होता. “त्या बायकांनी तुला सांगायला सांगितलं,” ते म्हणाले. मी दिवस मोजले. खालच्या पाड्यापेक्षा तीन आठवडे उशीर झाला होता. टँकर दहा-अकरा दिवस आला, नंतर पाऊस लागला आणि सगळेच टँकर बंद झाले.

कॉलेज उघडल्यावर आम्हा पाच जणांना वर्गासमोर बोलायला उभं केलं. बाकीच्यांनी अधिकाऱ्यांबरोबरचे फोटो दाखवले. मी झालं तसं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अनुभव चांगला आहे. पण शेवटी तू टँकर मिळवून दिलास, तिथून सुरुवात करायला हवी होतीस.” मला पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले. ते आकडे त्या बाईला सांगावेत असं मला एकदा वाटलं होतं. मी सांगितले नाहीत. त्या पाड्यावर मी पुन्हा गेलेही नाही. जायला काही कारण नव्हतं, आणि कारण नसताना जाण्याइतकी ओळख आहे असं मला वाटलं नाही.

पुढच्या वर्षी कॉलेजातली एक मुलगी मला भेटायला आली. तिला तेच कार्यालय मिळालं होतं. मी तिला गाडीच्या वेळा सांगितल्या, डोक्याला बांधायला ओढणी घेऊन जा म्हटलं, काकांचा नंबर दिला. मग सांगितलं की पंपाचं पाणी बघायच्या आधी, त्याआधी शेवटचं कधी हापसलं होतं ते विचार, आणि जे सांगतील ते शेऱ्यात लिही. तिने फोनमध्ये टिपून घेतलं. पण तिला नंतर संगणकावर नावं भरायला बसवलं. पाड्यांवर जायची तिला वेळच आली नाही.