गंध लावलेलं टायरयंत्र

माझ्या मामाइतका निरुपयोगी कामात राबणारा माणूस अख्ख्या मद्रासेत नाही, हे मी एकदा जाहीर सभेत बोललो आहे, आणि तेव्हा मामा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. आमचं घराणं तंजावरचं, वस्ती मैलापूरची, परंपरा कारकुनीची. अशा घरातला हा माणूस दिवसभर सरकारी फायलींना दोरे बांधायचा आणि संध्याकाळी परसातल्या गोठ्यात शिरायचा. गाय केव्हाच गेली होती. तिच्या जागी दारं काढलेली एक जुनी विलायती मोटार उभी होती आणि दाव्याच्या खुंटीला नट-बोल्टांचे पाने टांगलेले होते. शोलावरमच्या ओसाड विमानतळावर शर्यती होत, तिथे मामा उतरायचा. लोक तांदळाच्या रांगेत तिष्ठत असताना काही माणसं पेट्रोल जाळत निघतात आणि जिथून निघाली तिथेच परत येतात, याहून धडधडीत अन्याय मला तेव्हा दिसत नव्हता. मी विशीतला, पत्रकं लिहिणारा. मामाला तोंडावर सुनावलं. मामा शांतपणे म्हणाला, "परत येतात हे तुला कोण बोललं? मी तर अजून एकदाही आलो नाही की!"

ते खरं होतं. सात शर्यतींत मामा उतरला आणि सातही वेळा कुठल्या ना कुठल्या फेरीत त्याचा टायर बसला. मोटार बैलगाडीला बांधून घरी यायची. मामाच्या मते दोष एकच: टायर परक्या हातांनी चढवलेला. दुकानातली पोरं घाईत टॉमी, म्हणजे ती लोखंडी पहार, खुपसतात, ट्यूब चिमटते, आणि ती चिमटलेली जागा नेमकी शर्यतीत फुटते. "दुसऱ्यानं नेसवलेलं धोतर नेसून धावता येतं का रे?" तो विचारायचा. यावर पत्रकात घालण्याजोगं उत्तर मला कधी सुचलं नाही. मामी मात्र पत्रकं न काढता बोलायची. आठव्या शर्यतीआधी तिनं पानावर भात वाढता वाढता सांगून टाकलं, "या वेळी पुरी केली नाहीत तर गाडी विकायची. आणि मी गाय आणणार." मामानं त्या दिवशी ताक मागितलं नाही. त्यावरून त्यानं धमकी मनावर घेतल्याचं आम्ही ओळखलं.

मग टायर उतरवायचं-चढवायचं यंत्र घरीच आणायचं ठरलं, आणि ती शोधाशोध मामानं स्थळं पाहावीत तशी केली. मला बरोबर न्यायचा, यंत्रासमोर खुर्ची मागून बसायचा, त्याचं मूळ गाव विचारायचा, आधी कुठे होतं, का सोडलं, पायात काही दोष आहे का, सगळं. चार यंत्रं नापसंत झाली. एक तर केवळ 'नजर चंचल आहे' म्हणून, म्हणजे त्याचा दांडा डुगडुगत होता. पाचवं पेरांबूरला मिळालं. रेल्वेच्या इंजिनावरून निवृत्त झालेला एक अँग्लो-इंडियन म्हातारा लेकीकडे ऑस्ट्रेलियाला चालला होता. तीन पायांचं बिडाचं खोड, वर चाक बसवायला दांडा, टायरची कड रिमपासून सोडवायला दाबपट्टी, आणि गोल फिरवायला हातभर लांब टॉमी. म्हाताऱ्यानं उलट मामालाच तासभर तपासलं, मग यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "घाई करू नकोस, हे घाई ओळखतं." मी तिथेच स्वदेशीवर बोलायला लागलो. मामा म्हणाला, "रबर मलबारचं, घाम मैलापूरचा. लोखंड तेवढं परकं. जाऊ दे की."

यंत्र शनिवारी आलं. ते जमिनीत बोल्टांनी पक्कं करायला हवं होतं, पण मामी फरशी फोडू देईना, म्हणून कुणीतरी त्याच्या पायांवर उभं राहायचं असं ठरलं. ते कुणीतरी म्हणजे मी. रविवारी खंडेनवमी, आमच्या भाषेत आयुधपूजा. सोमवारी दसरा आणि अकरा वाजता शर्यत. रविवारी सकाळी मामानं आनंदाच्या भरात चारही जुने टायर उतरवून टाकले. मोटार विटांवर उभी राहिली. नवे टायर चढवण्याआधी तो आंघोळीला गेला, आणि तिथेच घात झाला. तो ओल्या पंच्यानं परत येतो तर मामी आरतीचं ताट खाली ठेवत होती. यंत्राला गंध, टॉमीला कुंकू, नव्या टायरांना झेंडूच्या माळा. आणि त्याच गोठ्याच्या कोपऱ्यात माझं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, त्याच्याही कपाळावर ठसठशीत टिळा!

"अय्यो, हे काय केलंस!" मामा म्हणाला.

"आयुधं पुजली. उद्या दुसरी पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. शास्त्रीबुवा सकाळी राहुकाळ टळल्यावर येतील. नऊला."

मी देव मानत नाही, पूजा मानत नाही, राहुकाळाविरुद्ध तर मी दोन पत्रकं काढली आहेत. पण मामीला मानतो. गंधाच्या बोटापायी क्रांती एक दिवस लांबणीवर पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. कारण माझ्या यंत्रावर छापायचं होतं ते पत्रक या शर्यतीविरुद्धच होतं. फाटकाशी वाटणार होतो, आणि लपवण्यासारखं काय आहे, तिथवर जाणार होतो मामाच्याच मोटारीतून. मामानं मजकूर आधीच वाचला होता. "जोर आहे," तो म्हणाला होता. "फक्त 'धनदांडगे' खोड. आमच्यात एक क्लार्कही आहे."

सोमवारी शास्त्रीबुवा सव्वानऊला आले आणि पूजा आटोपून गेले. दहाच्या आत निघायलाच हवं होतं. समोर चार टायर, पलीकडे माझं कोरं करकरीत स्टेन्सिल. वेळ दोन्हींपैकी एकाच कामापुरता होता. मामानं माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राच्या पायांवर उभा राहिलो. मामा टॉमी फिरवत होता, पण घाई नाही. ट्यूबवर बोट फिरवून प्रत्येक वितीला थांबायचा. "उभा राहा हं, उड्या मारू नकोस, हे भाषण नव्हे." चौथा टायर चढला तेव्हा दहाला दोन मिनिटं होती आणि छापलेली पत्रकं शून्य. हातानं लिहिलेला मूळ कागद तेवढा खिशात घालून मी मोटारीत बसलो.

शर्यतीचं वर्णन करण्यासारखं काही नाही. मामा पहिल्या वळणापासूनच शेवटचा होता. बाकीचे संपवून सरबत प्यायला गेले, निशाणवाला निशाण गुंडाळून त्यांच्यामागे गेला, आणि तापलेल्या धावपट्टीवर मामाची मोटार एकटीच येत होती, टायरांवर झेंडूच्या दोन-चार पाकळ्या चिकटलेल्या. रेषेवर कुणीच नव्हतं. माणसानं आयुष्यात प्रथमच शर्यत पुरी करावी आणि बघायला कुणी नसावं, हा अन्याय मला सोसेना. मी खिशातला कागद काढला आणि रेषेवर उभा राहून जिवाच्या आकांतानं हलवला. त्या शर्यतीच्या निषेधाचा तो कागद पाहून मामानं हॉर्न वाजवला. घरी मामीनं दारातच विचारलं, "पुरी?" मामा म्हणाला, "पुरी." तिनं खाली वाकून एकेका टायरावर हात फिरवून पाहिला. गायीचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे मामाच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरून येणारा माणूस एक की दोन हे कळेना, तेव्हा गाडी त्यानं स्वतःच विकली. यंत्र मात्र द्यायला तयार होईना. आता गोठ्यात माझी पत्रकं रचलेली असतात आणि मधोमध ते तीन पायांवर उभं असतं. मी अजून पत्रकं काढतो, अजून पूजा मानत नाही. नवमीला मामा चाचपडत त्याला गंध लावतो; ते दरवेळी थोडं बाजूला लागतं, आणि मामी ते पुसून सरळ करत नाही. दसऱ्याला राहुकाळ टळला की मला हाक येते, "ये रे, पायांवर उभा राहा." मी राहतो. मामा रिकाम्या दांड्याभोवती टॉमी एकदा, सावकाश, पूर्ण गोल फिरवतो, ट्यूब असावी तिथे बोट फिरवून थांबतो, आणि विचारतो, "बसला ना नीट?"

मी म्हणतो, "बसला, मामा."