जर्मनीवाले चौगुले

अरुणकुमार चौगुल्यांना तुम्ही कितपत ओळखत होता, असे कुणी विचारले असते तर देवेंद्र उपळेकर गडबडून गेले असते. कुवेतमधल्या सलवा भागात दोघे एकाच इमारतीत राहायचे, उपळेकर दुसऱ्या मजल्यावर आणि चौगुले चौथ्या. पाच-सहा वर्षे दोघांनी रोज संध्याकाळी बरोबर फेऱ्या मारल्या. तरीही चौगुल्यांचे सांगलीजवळचे गाव नेमके कोणते, त्यांना भाऊ किती, त्यांची बायको कशाने गेली, यातले काही देवेंद्रना धड सांगता आले नसते. विचारायचा धीर झाला नाही, आणि चौगुल्यांनी आपणहून सांगितले नाही. त्यांनी सांगितला तो जर्मनी. त्यामुळे चौगुले जेवढे कळले तेवढे जर्मनीच्या आडूनच कळले.

चौगुले ऐन तिशीत यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या नोकरीवर श्टुटगार्टजवळ गेले आणि वीसेक वर्षे तिथे राहिले. त्यांची मुलगी स्पृहा तिथेच वाढली. बायको लवकर गेली, तेव्हा पोरीच्या वेण्या घालण्यापासून सगळे त्यांनी एकट्याने केले. पुढे ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली, कंपनीने यांना आखातातल्या यंत्रांची देखभाल बघायला कुवेतला पाठवले, आणि ते इथलेच होऊन गेले. मराठी मंडळात त्यांचे नाव पडले ‘जर्मनीवाले’. ते त्यांना आवडायचे.

देवेंद्र हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले, मुलगा संग्राम इथल्या बँकेत, त्याच्याकडे नवराबायको राहायचे. चारचौघांत बोलायची वेळ आली की देवेंद्रना घाम फुटे. चौगुल्यांना बोलायला आवडे. असे दोघे एकमेकांना सापडले, यात नवल काहीच नव्हते.

चौगुले जर्मनीचे गोडवे गात नसत. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही अफवा आहे, असे ते छातीठोकपणे सांगत. फलाटावर थंडीत किती तास काढले ते मला विचारा, म्हणत. फुटबॉलबद्दलही त्यांचे मत ठाम होते. मोठ्या स्टेडियममध्ये जाऊन जर्मन खेळ कळत नाही. तो कळतो रविवारी गावच्या मैदानावर, जिथे पोस्टमन गोलकीपर असतो, दातांचा डॉक्टर पंच असतो, आणि मॅच संपल्यावर दोन्ही संघ मिळून कपडे बदलायची खोली झाडून घेतात. झाडल्याशिवाय कुणी घरी जात नाही. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाला, तेव्हा मंडळातल्या लोकांनी चौगुल्यांची यथेच्छ थट्टा केली. चौगुले शांत. “आपण हरलो की पुतळे जाळतो,” ते म्हणाले. “ते हरले की समिती नेमतात. समितीचा अहवाल येईपर्यंत पुन्हा हरतात. पण जाळत काही नाहीत.”

चित्रांचे त्यांना कसे वेड लागले, हे देवेंद्रना कधी कळले नाही. ड्रेस्डेनच्या एका संग्रहालयात म्हणे ते एका चित्रासमोर दुपारभर बसले होते. चित्रात काय, तर दोन माणसे उभी राहून चंद्र बघताहेत आणि दोघांची पाठ आपल्याकडे. चौगुले म्हणायचे, आपल्या चित्रात देव असो की राजा, तो आपल्याकडे बघतो, आपण हात जोडतो. यांच्या चित्रातला माणूस आपल्याकडे ढुंकून बघत नाही, आणि मग आपल्याला बघावे लागते तो काय बघतोय ते. देवेंद्रना हे पटले की नाही कोण जाणे, पण त्यानंतर समुद्रावर पाठमोरे उभे असलेले लोक दिसले की ते थोडे थांबून त्यांच्याकडे पाहू लागले.

एकदाच चौगुल्यांचा आवाज खाली आला. त्यांच्या तिथल्या घराच्या दारात, फुटपाथवर, तळहाताएवढी पितळी फरशी बसवलेली होती. तीन वर्षे ते तिच्यावरून ये-जा करत राहिले. एकदा स्पृहाच्या बुटाची नाडी बांधायला वाकले तेव्हा त्यांनी ती वाचली. एका बाईचे नाव, जन्माचे साल, आणि तिला या घरातून नाझींनी ज्या छावणीत नेऊन मारले त्या छावणीचे नाव. त्यानंतर दर नोव्हेंबरात शेजाऱ्यांबरोबर तेही ती फरशी घासायला बसू लागले. “पराक्रम सगळेच कोरून ठेवतात, उपळेकर,” ते म्हणाले. “आपलं पाप आपल्या दारात बसवून ते घासत बसणं सोपं नाही. मी त्यांना मानतो ते एवढ्यासाठी.”

मग स्पृहाचे लग्न ठरायची वेळ आली आणि चौगुल्यांचे फेरीतले बोलणे बदलले. मुलगा जर्मन, नाव टिल, तिच्याबरोबर नोकरीला. त्याला चौगुल्यांची ना नव्हती. पण लग्न गावी, भावकीत व्हावे, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. अडचण टिलच्या वडिलांची होती. हेल्मुट लोरेन्झ म्हणून निवृत्त भूमापक, जमिनी मोजण्यात जन्म गेलेला. बायको गेल्यापासून त्याने गाव सोडले नव्हते. टिल म्हणाला होता, वडिलांना मागे ठेवून मी भारतात बोहल्यावर चढणार नाही, मग आपण इथेच कचेरीत सह्या करू. शेवटी स्पृहाने हेल्मुटला कसेबसे पटवले: आठवडाभर माझ्याबरोबर कुवेतला चला, माझे बाबा बघा, त्यांची माणसे बघा, मग काय ते सांगा.

“कचेरीतल्या लग्नाला माझी हरकत नाही,” चौगुले त्या संध्याकाळी म्हणाले. “पण तिची आई तिथं गेली तेव्हा खांदा द्यायला चार माणसं आपली नव्हती. पोरीच्या लग्नाला तरी असावीत.”

देवेंद्रनी घरी येऊन बायकोला, रत्नमालाबाईंना सांगितले, आणि रत्नमालाबाईंनी पाहुण्याला शुक्रवारच्या जेवणाचे आमंत्रण देऊन टाकले.

हेल्मुट आला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. चौगुल्यांनी त्याला दस्मानला समुद्रावर नेले, बाजार दाखवला, आणि शुक्रवारी सकाळी ते एकटेच दुसऱ्या मजल्यावर येऊन रत्नमालाबाईंना सूचना देऊन गेले. मुख्य सूचना अशी की वाढताना एकदाच विचारायचे. जर्मन माणूस नाही म्हणाला की नाही. दुसऱ्यांदा विचारले तर त्याला वाटते, आपले पहिले उत्तर हिने ऐकलेच नाही.

“मग त्याला आग्रह कसं म्हणायचं?” रत्नमालाबाई म्हणाल्या.

“म्हणूच नका, वहिनी. आजच्या दिवस आग्रह बंद.”

“उपाशी उठला तर माझ्याकडे बघू नका.”

चौगुल्यांनी इतके सगळे सांगितले, पण एक सांगायचे राहिले. रत्नमालाबाईंनी स्पृहाकडून बोलता बोलता काढून घेतले होते की सोमवारी हेल्मुटचा वाढदिवस आहे. आता, कुवेतमध्ये मराठी माणसाचे सगळे काही शुक्रवारी येते. शुक्रवारी सुट्टी, म्हणून संक्रांत शुक्रवारी, दसरा शुक्रवारी, सत्यनारायण शुक्रवारी, पोरांची बारशीसुद्धा शुक्रवारी. देवाचीही त्याला हरकत नसावी असे सगळे धरून चाललेले. तेव्हा सोमवारचा वाढदिवस तीन दिवस आधी करण्यात रत्नमालाबाईंना काही वावगे वाटले नाही. कुणाला न सांगता त्यांनी देवेंद्रना एगैलाच्या बाजारात पिटाळून केक आणवला.

जेवण छान झाले. हेल्मुटने मसालेभात दोनदा घेतला, तोही स्वतःहून मागून. चौगुले खुशीत होते. एवढ्यात रत्नमालाबाई आतून तबक घेऊन आल्या, त्यात पेटवलेले निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. संग्राम मागून केक घेऊन आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवत गाणे सुरू केले. स्पृहा ताडकन उठली.

“काकू, थांबा. आज नको.”

गाणे अर्ध्यावर विरले. हेल्मुटने केकवरचे आपले नाव वाचले. त्याने रुमाल नीट घडी करून ताटाशेजारी ठेवला, मान लववून काहीतरी पुटपुटला, आणि बाल्कनीत निघून गेला.

मग स्पृहाने हळू आवाजात सांगितले. तिकडे वाढदिवसाच्या आधी कुणी शुभेच्छा देत नाही, ते अशुभ मानतात. बहुतेक लोक हसण्यावारी नेतात. पण हेल्मुटच्या बायकोचा साठावा वाढदिवस, सगळ्यांना जमावे म्हणून, आधीच्या शनिवारी केला होता. खुद्द वाढदिवस तिने पाहिला नाही.

रत्नमालाबाई तबक हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. चौगुले खुर्चीत बसूनच होते. जर्मनीबद्दल सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नव्हते. आता तो गावी लग्नाला येत नाही, एवढेच ते म्हणाले.

देवेंद्र उठले. त्यांच्या घरात, वडिलांच्या वेळेपासून, मोठ्या माणसांचे वाढदिवस तिथीने होत. त्यांनी स्पृहाला हेल्मुटची जन्मतारीख आणि गाव विचारले, मोबाईलवर त्या वर्षीचे पंचांग काढले, मग यंदाचे काढले, चष्मा पुसून पुन्हा बघितले. हिशेब बरोबर होता. ते चौगुल्यांजवळ जाऊन म्हणाले, “चौगुले, तिथीनं त्यांचा वाढदिवस मंगळवारीच होऊन गेला.”

चौगुल्यांनी वर पाहिले. “माझ्यासाठी खोटं बोलू नका हं. त्याला खोटं कळलं तर सगळंच संपलं.”

“तुम्हीच बघा.”

चौगुल्यांनी बघितले. मग दोघे बाल्कनीत गेले. हेल्मुट कठड्याला धरून खाली उभ्या गाड्यांकडे बघत होता. देवेंद्र मराठीत बोलले, चौगुल्यांनी त्याचे जर्मन केले. आमच्याकडे दोन वाढदिवस असतात, एक सूर्याचा आणि एक चंद्राचा. तुमचा चंद्राचा या मंगळवारी झाला. माझी बायको आधी नाही, उशिरा ओवाळते आहे.

हेल्मुटने लगेच मान हलवली नाही. त्याने प्रश्न विचारले. चंद्राचा महिना छोटा, मग वर्षे पुढेमागे सरकत नाहीत का? देवेंद्रनी अधिक महिना समजावला. तिथी सूर्योदयाला धरतात म्हणता, तर सूर्योदय कुठला, त्याच्या गावचा की इथला? या प्रश्नावर देवेंद्रचा चेहरा खुलला, कारण त्यांनी दोन्ही बघून ठेवले होते. तिकडच्या सूर्योदयाने मंगळवार, इथल्या सूर्योदयाने बुधवार. कसेही मोजा, झालेला आहे. हे फक्त हिंदूंना लागू की सगळ्यांना, असे हेल्मुटने विचारले. चौगुले यावर अडखळले. देवेंद्र म्हणाले, चंद्र तर सगळ्यांचाच आहे. मग आयुष्यभर जमिनी मोजलेल्या त्या माणसाने कागद-पेन्सिल मागून घेतली आणि बाल्कनीतच एका स्टुलावर बसून सगळे पुन्हा मांडून पाहिले. आत रत्नमालाबाईंनी निरांजनात दोनदा तूप घातले.

अखेर तो उठला आणि काहीतरी म्हणाला. चौगुल्यांनी भाषांतर केले. “म्हणतो, मंगळवारपासून मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि मला कुणी सांगितलंच नाही.”

त्याला पाटावर बसवले. गुडघे दुमडेनात, तेव्हा पाट खुर्चीवर ठेवला. रत्नमालाबाईंनी ओवाळले, कुंकू लावले, अंगठी आणि सुपारी कपाळाजवळून फिरवली. तो डोळे मिटून बसला होता, आणि ते कुणासाठी मिटले होते हे कुणाला सांगावे लागले नाही. मग श्रीखंड आले. रत्नमालाबाईंनी वाटी भरून दिली, तो पुरे म्हणाला, आणि त्यांनी न विचारता आणखी दोन चमचे घातले. चौगुले बघत राहिले. हेल्मुटने ते संपवले.

केक कापताना त्याने स्पृहाला विचारले, “तुमचं लग्न कोणत्या दिवशी असतं? खऱ्या दिवशी, की शुक्रवारी?”

स्पृहा हसू लागली. उत्तर चौगुल्यांनीच दिले, खऱ्या दिवशी. हेल्मुट म्हणाला, मग दिवस ठरला की मला लवकर कळवा, माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे.

चौगुले उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. देवेंद्र त्यांच्या मागे गेले नाहीत.

मुहूर्त मार्गशीर्षातला निघाला. रत्नमालाबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन त्याच सुमारास आल्यामुळे उपळेकरांना जाता आले नाही. लग्न गावी झाले, दोनशेवर पाने उठली, हेल्मुट फेटा बांधून व्याह्यांच्या पंगतीत बसला, असे स्पृहाने फोनवर सांगितले. लग्नानंतर चौगुले मुलीबरोबर पंधरा दिवस जर्मनीला गेले आणि तिथेच, हेल्मुटच्या घरी, झोपेत गेले. खांदा द्यायला टिल होता, हेल्मुट होता, आणि त्या गावच्या फुटबॉल संघातली माणसे होती.

देवेंद्रना ते शेवटचे भेटले ते लग्नाला निघताना, खाली इमारतीच्या दारात. टॅक्सीत दोन बॅगा चढवून झाल्या होत्या.

“फेट्याला कापड जास्त घ्या,” देवेंद्र म्हणाले. “त्यांचं डोकं मोठं आहे.”

“घेतो. आणि हे बघा, पाण्याच्या बाटल्या देणारा आला तर माझ्या दोन ठेवून घ्या.”

“घेतो ठेवून.”

“त्याला परत द्यायच्या मोकळ्या बाटल्या दाराबाहेरच आहेत,” चौगुले म्हणाले, आणि टॅक्सीचे दार लावून घेतले.