पाण्यावरची शीळ

आबांचं हर्नियाचं ऑपरेशन बारामतीला ठरलं तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी तिथल्याच एका साप्ताहिकात बातमीदार होतो. आई-आबा पळसदेवला. भावकीनं मेंढरं विकून ऊस लावला होता. आबांनी एक लहान कळप ठेवला होता, आणि त्याच्यापायी ते ऑपरेशनला नाही म्हणत होते.

"माझ्या शिळेबिगर पाणी पीत न्हाईत," ते म्हणाले. "उन्हाळ्याचं दिस. मरतील."

यात अतिशयोक्ती नव्हती. धरणाचं पाणी ओसरलं की काठ लांब जाई. आबा पुढे चालत हाळी देत, कळप काठाशी येईपर्यंत थांबत, मग हलकी शीळ धरत. शीळ तुटली की मेंढरं माना वर करत. आईला शीळ येत नव्हती.

मुलाखतींसाठी माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. तो मी अंगणात आबांसमोर ठेवला. त्यांनी हाळी दिली आणि गप्प बसले. टेप फिरत राहिली.

"आबा, शीळ घाला की. टेप फुकट चाललीय."

"अजून आल्याली न्हाईत," ते म्हणाले. "बांधाला असतील."

आई दारातून म्हणाली, "अंगणात कुठला आलाय बांध?"

"तू गप. ह्यात तुझं बोलणं ऱ्हाईल."

त्यानंतरही ते त्यांना हवं तेवढं थांबले आणि मग शीळ घातली. कॅसेटची बाजू संपेपर्यंत.

आबा दवाखान्यात दाखल झाले, पण अट घालून. मेंढरं प्याली हे कळल्याशिवाय ऑपरेशनला जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी काठाच्या अलीकडे मी टेप एका दगडावर ठेवून लावली. हाळी ऐकून मेंढरांनी कान टवकारले, पण जागची हलली नाहीत. आईनं टेप उचलली, पट्टा खांद्यात घातला.

"हाळी कधी दगडावर बसती व्हय?" म्हणाली, आणि पहिल्यापासून लावायला सांगून पाण्याकडे चालू लागली. कळप तिच्या मागे निघाला. काठाशी ती थांबली. टेपमधून आबांचा आवाज आला, "अजून आल्याली न्हाईत."

"आली, आली," आई टेपला म्हणाली. "घाला आता शीळ."

जरा वेळानं शीळ सुरू झाली. मेंढरांनी पाण्याला तोंडं लावली. आई शीळ संपेपर्यंत हलली नाही.

आता आवाज खिशातल्या फोनवर टिपता येतो आणि मधली शांतता कापून टाकायची सोयही असते. मुलाखतींसाठी मी ती वापरतो. त्या कॅसेटमधली शांतता कापली असती, तर कळप वाटेत असतानाच शीळ संपली असती.

दुपारी मी दवाखान्यात पोचलो. आबा उठून बसले.

"प्याली?"

"प्याली."

"पेपरवाल्याचं काय खरं धरायचं. कुणी नेली?"

"आईनं. टेप खांद्याला लावून."

"म्होरं चालली?"

"म्होरं."

आबा परत उशीला टेकले. मग म्हणाले, "काठाला बाभळीचं काटं हायत. माझ्या वहाणा घालून जा म्हणावं तिला."

आणि दारातल्या सिस्टरना म्हणाले, "बाई, कवा न्यायचं तवा न्या."